सर्टिफिकेट नंतर, थेरपी आधी: नागपुरात ऑक्युपेशनल थेरपी कशी सुरू करायची

संत्रं सोलायला दोन हात लागतात, हे नागपूरकराच्या लक्षात येतं ते एक हात लुळा पडल्यावर. माझ्या सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला. चालणं बऱ्यापैकी सुधारलं, पण शर्टाची गुंडी, पायजम्याचा नाडा, ताटातला भाताचा घास हे सगळं अडून राहिलं. ऑक्युपेशनल थेरपी म्हणून काही वेगळं असतं, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं आणि सांगणाऱ्याने त्यासोबत एक चुकीची गोष्टही सांगितली: "आधी अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढा, त्याशिवाय घेत नाहीत." चार महिने आम्ही त्या कागदामागे फिरलो. थेरपीसाठी तो लागतच नव्हता.

म्हणून पहिली गोष्ट हीच. उपचाराची रांग वेगळी आणि प्रमाणपत्राची रांग वेगळी. उपचार सुरू करायला डॉक्टरची चिठ्ठी पुरते. प्रमाणपत्र लागतं ते पुढे, साहित्य, विमा, सवलती यांसाठी. पक्षाघातानंतरचे सुरुवातीचे महिने सुधारणेच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे असतात, ते दुसऱ्या रांगेत घालवू नका.

मराठीत या उपचाराला व्यवसायोपचार म्हणतात आणि ते नाव ऐकून लोकांना वाटतं की रोजगाराशी काही संबंध असेल. इथे व्यवसाय म्हणजे माणसाचा दिवस ज्या कामांनी भरतो ती सगळी कामं: आंघोळ, जेवण, शाळेचं दप्तर भरणं, कुकर लावणं, दुकानात बसणं. थेरपिस्ट पहिल्या दिवशी विचारतो, "दिवसभरात काय काय अडतं?" आणि तिथून सुरुवात करतो. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांना शर्ट घालायला शिकवलं: घालताना आधी अधू हात बाहीत, काढताना आधी चांगला हात बाहेर. इतकी साधी गोष्ट, पण तोवर आम्ही दोघं मिळून त्यांना शर्ट घालत होतो आणि ते मान खाली घालून बसत. मग चमच्याच्या दांड्याला फोम गुंडाळून तो जाड केला, म्हणजे सैल मुठीतही धरता येतो. ताटाखाली ओलं फडकं, ते सरकू नये म्हणून. बोटं आखडू नयेत म्हणून मापाचा स्प्लिंट, म्हणजे हाताला बांधायचा आधार. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा आणि बसायला खुर्ची. शेवटी संत्रं.

हात किंवा पाय अधू झालेल्यांपुरताच हा उपचार आहे असंही नाही. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) किंवा ऑटिझम (स्वमग्नता) असलेली मुलं, लिहिताना पेन्सिल नीट न धरता येणारी मुलं, भाजल्यामुळे किंवा मशीनमध्ये सापडून हाताला इजा झालेले कामगार, संधिवाताचे रुग्ण, दीर्घ मानसिक आजारातून दिनक्रमाकडे परतणारी माणसं, सगळ्यांसाठी तो आहे. पात्रतेची अट एकच: रोजचं काही काम अडलेलं असणं. वयाची, उत्पन्नाची, दिव्यांगत्वाच्या टक्केवारीची अट नाही.

कुठे जायचं? नागपुरात सगळ्यात जुना आणि मोठा आधार म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आपलं मेडिकल. तिथे व्यवसायोपचाराचा विभाग तर आहेच, पदवी शिक्षणही आहे. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली रुग्ण बघतात. काहींना हे आवडत नाही. माझ्या मते यात फायदाच आहे, कारण विद्यार्थी एका रुग्णाला जेवढा वेळ देतो तेवढा खासगीत पैसे मोजूनही मिळेलच असं नाही. मानसिक आजारासाठी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं संयुक्त प्रादेशिक केंद्र, म्हणजे सीआरसी, हेही शहरात आहे. लहान मूल असेल तर आणखी एक वाट आहे: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणी होते, आणि गरज दिसली तर मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलं जातं. तपासणीचं पथक यायची वाट न बघता अंगणवाडी ताईंना स्वतः सांगितलं तरी चालतं.

मेडिकलची पद्धत अशी. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा आणि ज्या आजारामुळे अडचण आली त्या ओपीडीत दाखवायचं: मेडिसिन, अस्थिरोग, बालरोग, जे असेल ते. तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की ऑक्युपेशनल थेरपीसाठी रेफर करा. न सांगता बहुतेकदा फिजिओथेरपीच लिहिली जाते. दोन्ही लागत असतील तर दोन्ही लिहून घ्या. रुग्ण भरती असेल तर वॉर्डातूनच चिठ्ठी मिळते, डिस्चार्जची वाट बघू नका. आणि एक इशारा: कॉरिडॉरमध्ये कोणाला "ओटी कुठे आहे?" असं विचारू नका. दवाखान्यात ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. आम्ही एकदा तिथपर्यंत जाऊन आलो आहोत. पूर्ण नाव घ्या.

खर्चाबद्दल एक गोंधळ असतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात उपचार मोफत झाले ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत. मेडिकल आणि मेयो (शहरातलं दुसरं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत, तिथे ठरलेलं शासकीय शुल्क द्यावं लागतं. पिवळं रेशन कार्ड असेल तर ते सोबत ठेवा आणि खिडकीवर पैसे देण्याआधीच दाखवा.

सोबत काय न्यायचं: आधार कार्ड, डिस्चार्ज कार्ड, सीटी किंवा एमआरआयचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी. याहून महत्त्वाचा एक कागद घरीच तयार करा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय जमतं, काय अर्धवट जमतं, काय अजिबात नाही, हे तीन रकान्यांत लिहा. ओपीडीत विचारल्यावर माणूस संकोचाने "जमतं सगळं" म्हणतो. संडासाला बसता येत नाही हे सुनेसमोर कोण सांगणार? लिहिलेलं असलं की सांगावं लागत नाही. खासगी थेरपिस्टकडे जाणार असाल तर महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का, हे बेधडक विचारा.

आता दुसरी रांग. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे आणि बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. अर्ज केंद्राच्या स्वावलंबन कार्ड संकेतस्थळावर ऑनलाइन करायचा. आधार (किंवा आधार नोंदणीची पावती), पत्त्याचा पुरावा, सहा महिन्यांच्या आतला फोटो आणि सही किंवा अंगठा लागतो. मूल लहान असेल किंवा व्यक्ती स्वतः अर्ज करण्याच्या स्थितीत नसेल तर पालक अर्ज करू शकतात. रुग्णालय निवडताना राहण्याच्या जिल्ह्यातलं किंवा उपचार चालू असलेलं निवडता येतं, म्हणजे भंडारा-गोंदियाहून मेडिकलला उपचार घेणाऱ्यांनाही सोय आहे. मोबाइल नंबर घरातल्या अशा माणसाचा द्या जो मेसेज वाचतो. प्रकारानुसार तपासणीचे वार वेगवेगळे असतात, ते विचारूनच निघा. आजार अजून बदलत असेल तर मुदतीचं, तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. त्यावरची तारीख लक्षात ठेवा.

घरी केलेला तीन रकान्यांचा कागद इथेही न्या. हाताच्या दिव्यांगत्वाच्या मोजणीत सांधा किती वळतो आणि स्नायूंत जोर किती एवढंच बघत नाहीत. हाताने जेवणं, केस विंचरणं, सदरा घालणं, पेल्याने पाणी पिणं, गुंडी लावणं, नाडा बांधणं, लिहिणं अशी दहा कामं त्यात धरलेली आहेत आणि प्रत्येकाला ९ टक्के आहेत. थेरपिस्टने लिहिलेला अहवाल जवळ असला तर डॉक्टरांनाही सोपं जातं. म्हणजे थेरपी आधी सुरू केल्याचा फायदा प्रमाणपत्रालाही होतो, उलटं कधी होत नाही. टक्केवारी पटली नाही तर प्रमाणपत्र मिळाल्यापासून ९० दिवसांत अपील करता येतं.

प्रमाणपत्र हातात आल्यावर दोन योजना थेरपीशी थेट जोडलेल्या आहेत. पहिली एडिप, केंद्राची, साहित्यासाठी: व्हीलचेअर, कुबड्या, कॅलिपर (पायाला बांधायचा आधार), मुलांसाठी खास खुर्ची. ४० टक्के दिव्यांगत्व हवं. कुटुंबाचं मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साहित्य पूर्ण मोफत, त्यापुढे ३०,००० पर्यंत निम्मी किंमत. उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून आधीच काढून ठेवा, साहित्य वाटपाचं शिबिर जाहीर झाल्यावर तिथे गर्दी होते. तेच साहित्य पुन्हा मिळायला तीन वर्षं थांबावं लागतं, १२ वर्षांखालच्या मुलांना एक वर्ष. म्हणून शिबिरात जे मिळतं ते घेऊन मोकळं व्हायच्या आधी थेरपिस्टकडून माप आणि प्रकार लिहून घ्या. आमच्या गल्लीत एका घरी चुकीच्या मापाची व्हीलचेअर आहे, तिच्यावर आता कपडे वाळतात.

दुसरी निरामय. हा आरोग्य विमा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चार प्रकारांसाठीच आहे. पक्षाघाताच्या रुग्णांना तो लागू नाही. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, त्यात नियमित थेरपीचा खर्चही बसतो. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही. नोंदणी शुल्क दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना २५० रुपये, इतरांना ५००. अर्ज राष्ट्रीय न्यासाकडे (या चार प्रकारांसाठीची केंद्राची संस्था, नॅशनल ट्रस्ट) नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत करता येतो. थेरपीच्या प्रत्येक पावतीवर मुलाचं नाव, तारीख आणि थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक आहे ना, हे खिडकीवरून हलण्याआधीच बघा. विम्याचं वर्ष एप्रिल ते मार्च चालतं, त्यामुळे नूतनीकरणाचे कागद फेब्रुवारीतच एका पिशवीत घालून ठेवलेले बरे.