पार्श्वभूमी : नाशिकला 'समर' नेमका कधी लागतो?

२०२६चा १ मे शुक्रवारी येतो. महाराष्ट्र दिनाची सुट्टी, पोरांच्या परीक्षा आटोपलेल्या, आणि वर नव्या चित्रपटांचा वार. नाशिकमधल्या सुपरहिरोवेड्या मंडळींनी ही तारीख फार आधीपासून राखून ठेवली होती, कारण 'अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे' त्याच दिवशी यायचा होता. मे २०२५मध्ये निर्मात्यांनी तो तिथून उचलला आणि १८ डिसेंबरला नेऊन ठेवला. त्या रात्री आमच्या ग्रुपवर घरातलं ठरलेलं लग्न मोडावं तशी अवकळा पसरली. एकाने फक्त "डिसेंबरात सुट्टी कोण देणार?" एवढंच लिहिलं आणि गप्प बसला.

चित्रपट तोच, पडदा तोच, तरी सात महिन्यांच्या फरकाने माणसं एवढी का हिरमुसली हे कळायला 'समर' नावाचं प्रकरण थोडं मागे जाऊन पाहावं लागतं. या सुपरहिरोपटांत कोण कोणाचा शत्रू आणि टिचकी वाजल्यावर काय झालं, हे वाचकांना ठाऊक आहे असं धरून चालतो.

'समर ब्लॉकबस्टर' यातला दुसरा शब्द तसा सरळ आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानं जे अजस्र बॉम्ब टाकत, त्यांना वर्तमानपत्रांनी दिलेलं हे नाव; एका दणक्यात इमारतींची ओळ आडवी करणारा तो ब्लॉकबस्टर. युद्ध चालू असतानाच अमेरिकी सिनेमावाल्यांनी तो जाहिरातींत उचलला. आपल्याकडे तेव्हा आठवडे मोजायची रीत होती. पंचवीस आठवडे झाले की रौप्यमहोत्सव. आता शुक्रवार ते रविवार एवढ्यात सगळा हिशेब होतो आणि सोमवारी गर्दी उतरली की चित्रपट 'पडला' म्हणतात.

खरा गुंता 'समर'चा. अमेरिकेचा सिनेमावाला समर मेच्या शेवटच्या सोमवारी सुरू होऊन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी संपायचा. एके काळी हे दिवस तिथे पडेल मानत. उकाड्यात बंद हॉलमध्ये कोण बसणार? १९२०च्या दशकात मोठ्या थिएटरांत गारवा देणारी यंत्रं बसली आणि लोक केवळ थंड हवेसाठी तिकीट काढू लागले. तरीही मोलाचा माल नाताळासाठी राखून ठेवत. २० जून १९७५ला शार्क माशाचा 'जॉज' एकाच दिवशी ४००हून अधिक थिएटरांत लागला, त्याआधी टीव्हीवर सुमारे ७ लाख डॉलरच्या जाहिराती झाल्या, आणि पुढचा इतिहास घडला. दोन वर्षांनी, २५ मे १९७७ला 'स्टार वॉर्स' आला. पहिल्या दिवशी जेमतेम ३२ थिएटरं, आणि पुढे दारोदार रांगा. पुढे हा मोसम मागे सरकत गेला. १९९९मध्ये 'द ममी' मेच्या पहिल्या आठवड्यात आला. ३ मे २००२ला 'स्पायडर-मॅन'ने तीन दिवसांत १० कोटी डॉलरची रेघ ओलांडली. २०१८ला 'इन्फिनिटी वॉर' २७ एप्रिललाच येऊन थडकला. एप्रिलअखेर ते ऑगस्ट, असा आता त्यांचा समर.

आपला उन्हाळा होळी पेटली की सुरू होतो आणि मृगाच्या पहिल्या सरीला मावळतो. दोघांची गाठ पडते ती एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे सहा-सात आठवडे. बाकीचा त्यांचा समर आपल्या पावसाळ्यात भिजत येतो. २१ जुलै २०२३ला 'बार्बी' आणि 'ओपनहायमर' एकाच दिवशी आले तेव्हा जगभर 'समरचा सोहळा' म्हणून गाजावाजा चालला होता. आम्ही मात्र ओले रेनकोट पुढच्या खुर्चीच्या पाठीवर टाकून बसलो होतो आणि ए.सी.मुळे दात वाजत होते. नाशिककर जुलैत पाणी मोजतो ते गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, असं. त्या दिवसांत कोणी 'समर' म्हटलं की घरची वडीलधारी मंडळी आपल्याकडे जरा काळजीने बघतात.

तसं उन्हाळा आणि सिनेमा हे नातं या शहराला नवं नाही. 'राजा हरिश्चंद्र' गिरगावात ३ मे १९१३ला लागला, आणि त्याच वर्षी त्याचे कर्ते दादासाहेब फाळके आपला सगळा पसारा घेऊन नाशिकला आले. जन्म त्र्यंबकचा, तारीख ३० एप्रिल. पांडवलेणीच्या पायथ्याला त्यांचं स्मारक आहे आणि तिथे शाळेच्या सहलीला न गेलेला नाशिककर विरळा. एप्रिलच्या त्या शेवटच्या आठवड्यात आम्ही परदेशी सुपरहिरोंसाठी गर्दी करतो, तेव्हा हा योगायोग आठवून मला थोडं ओशाळल्यासारखं होतं. तेवढ्यापुरतंच.

मधली कैक वर्षं उन्हाळा म्हणजे टॉकीज एवढंच समीकरण होतं. विजयानंद, सर्कल, हेमलता, मधुकर, चित्रमंदिर, दामोदर. सुट्टीला मामाकडे आलेल्या भाच्यांची फौज, दुपारचा मॅटिनी, डोअरकीपरची बॅटरी, पंख्याच्या खालची खुर्ची पकडायची धडपड. इंग्रजी चित्रपट यायचा तो मुंबईत जुना झाल्यावर, कारण प्रिंट मोजक्या असत आणि त्या आधी मोठ्या शहरांत फिरत. 'ज्युरासिक पार्क' अमेरिकेत जून १९९३ला लागला. भारतात १९९४ उजाडलं. पण तो हिंदीत बोलत आला आणि तिथून पुढे इंग्रजी चित्रपट ही फक्त कॉन्व्हेंटवाल्यांची मिरास राहिली नाही. २००७चा तिसरा 'स्पायडर-मॅन' तर इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगू आणि चक्क भोजपुरीतही आला. मराठी त्या यादीत नव्हती, हे इथे नोंदवून ठेवतो.

दरम्यान शहरात मल्टिप्लेक्स आली. पुणे रोडवर, सिडकोत, उंटवाडीच्या सिटी सेंटर मॉलमध्ये. पुणे रोडच्या चौकाला लोक थिएटरच्या नावाने 'फेम सिग्नल' म्हणू लागले, यावरून काय ते समजा. आणि मग २००९चा उन्हाळा आला. माझ्या मते नाशिकचा आजचा 'समर' त्या दोन महिन्यांत जन्मला. जाणकार याला अतिशयोक्ती म्हणतात. म्हणोत.

४ एप्रिल २००९पासून हिंदी निर्माते-वितरकांनी मल्टिप्लेक्सना नवे चित्रपट द्यायचं थांबवलं. भांडण वाट्याचं होतं. कर वजा जाता तिकिटाचे १०० रुपये उरले, तर त्यातले वितरकाचे किती आणि थिएटरचे किती? जुन्या पद्धतीत पहिल्या आठवड्यात वितरकाला चांगला वाटा मिळे आणि पुढे तो झपाट्याने घसरत जाई. निर्माते म्हणाले, चित्रपट चालेल तितके दिवस सरसकट निम्मे आमचे. मल्टिप्लेक्सवाले म्हणाले, मॉलचं भाडं, वीज, गारवा, सगळं आम्ही सोसतो. पडलेल्या चित्रपटालाही निम्मे द्यायचे तर दुकान बंद करावं लागेल. दोघांचंही थोडं खरं होतं. पण निर्मात्यांना हे दुखणं ऐन सुट्टीत का काढावंसं वाटलं, याचं उत्तर मला तेव्हाही सापडलं नव्हतं. निवडणुका होत्या, क्रिकेटची लीग होती (त्या वर्षी निवडणुकांमुळे दक्षिण आफ्रिकेत), धंदा तसाही मंद असेल तर आत्ताच हत्यार उपसू, असा हिशेब असावा. एका पडद्याच्या टॉकीजशी, म्हणजे सिंगल स्क्रीनशी, भांडण नसूनही मोठे चित्रपट तिथेही आले नाहीत. सुक्याबरोबर ओलं जळालं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तोडगा निघाला. पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, चौथ्यापासून ३०. शिवाय चित्रपट फार चालला तर थोडं जास्त, फार पडला तर थोडं कमी. हे आकडे रुक्ष वाटतील, पण पहिल्याच आठवड्यात सगळा मलिदा ओरपायची घाई, त्यासाठी जास्तीत जास्त पडदे, सकाळी-सकाळी शो, हे आज जे दिसतं त्याच्या मुळाशी असलेच आकडे आहेत. पहिल्या आठवड्याचा रुपया चौथ्या आठवड्याच्या रुपयापेक्षा निर्मात्याला कितीतरी जास्त देतो. मग चाहत्याला 'पहिल्याच दिवशी बघ' म्हणून चेतवणं ओघानेच आलं.

त्या दोन महिन्यांत मल्टिप्लेक्सचे पडदे रिकामे ठेवून चालणार नव्हतं. जे होतं ते लावलं गेलं. नखं बाहेर काढणारा 'वुल्व्हरीन' १ मेला आला, त्याच्या आगेमागे गाड्या उडवणारे, अवकाशात जाणारे, संग्रहालयात धुमाकूळ घालणारे. मी तेव्हा कॉलेजात होतो. हिंदी काहीच लागलेलं नाही म्हणून कुरकुरत आलेली सात-आठ जणांची टोळी, त्यातल्या दोघांनी तोवर एकही इंग्रजी चित्रपट थिएटरात पाहिलेला नव्हता. मध्यंतर भलत्याच ठिकाणी, वाक्य अर्धवट तोडून झालं. या चित्रपटांत मध्यंतर नसतंच. ते इथे आपल्या समोशासाठी कापतात. बाहेर येऊन त्या दोघांनी आधीचे भाग कुठे मिळतील हे विचारलं. पुढच्या वर्षी तारखा तेच आम्हाला सांगत होते.

हिंदीवाले परतले, पण एप्रिल-मे त्यांनी पुरता काही परत घेतला नाही. २००८ला सुरू झालेली लीग दर उन्हाळ्याची संध्याकाळ खाऊ लागली आणि मोठे नायक ईद, दिवाळी, नाताळ धरून बसले. या मोकळ्या जागेत हॉलिवूडने मुक्काम ठोकला. उपग्रहावरून चित्रपट थेट थिएटरात उतरवायची सोय २००५च्या पुढेमागे आली होती, त्यामुळे प्रिंटची वाट पाहणंही संपलं. इतकंच काय, पहिला 'अ‍ॅव्हेंजर्स' २७ एप्रिल २०१२ला इथे लागला, अमेरिकेत एक आठवड्याने. २०१३चा तिसरा 'आयर्न मॅन' आणि २०१५चा 'एज ऑफ अल्ट्रॉन'ही तसेच. मामाकडे सुट्टीला आल्यासारखे ते आधी आपल्याकडे आले. मुंबईनंतर महिन्यांनी इंग्रजी चित्रपट पाहणाऱ्या गावाला अमेरिकेच्या आधी शेवट ठाऊक असावा, याचा जो माज आम्ही तेव्हा केला तो सांगण्यासारखा नाही.

कळस २०१९चा. २६ एप्रिलला 'एंडगेम' आला, देशात पहिल्या दिवशी ५३ कोटींच्या आसपास निव्वळ गल्ला. काही शहरांत थिएटरं चोवीस तास चालली. आमचा शो भल्या पहाटेचा होता. गंगापूर रोडच्या चहाच्या टपरीवाल्याने, "आज कोणती परीक्षा?" असं विचारलं. खोटं कशाला, शेजारच्या खुर्चीतला मुलगा युनिफॉर्मवरच होता.

उन्हाळा फक्त परदेशी लोकांनी लुटला असं मात्र कोणी समजू नये. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ला लागला आणि तेव्हा आजूबाजूच्या गावांतून टेम्पो भरून माणसं आली. एक वर्षाने, २८ एप्रिल २०१७ला दुसरा 'बाहुबली', २०२२ला १४ एप्रिलला दुसरा 'केजीएफ'. दक्षिणेने ती मोकळी जागा नीट हेरली होती. मधल्या २०२० आणि २०२१चे दोन्ही उन्हाळे कोरे गेले. राज्यातली थिएटरं नोव्हेंबर २०२०ला अर्ध्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ला कायमची उघडली. २०२५ला राज्यभर पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलच्या शेवटापर्यंत लांबल्या, म्हणजे एप्रिलअखेरच्या शुक्रवारचा पोरासोरांचा प्रेक्षकही कमी झाला. हा निर्णय चित्रपटवाल्यांना विचारून कोणी घेणार नव्हतं, पण फटका बसला तो बसलाच.

आता पुढचं. जाहीर तारखा पाहिल्या तर 'मँडलोरियन अँड ग्रोगू' २२ मेला आहे. यंदा तेव्हा अधिक ज्येष्ठ चालू असेल, त्यामुळे धोंडे खायला सासरी जाणाऱ्या जावयांनी आधीच सोय बघावी. पाचवा 'टॉय स्टोरी' १९ जूनला, म्हणजे शाळा उघडल्यावर. 'द ओडिसी' १७ जुलैला, आषाढात. तो संपूर्ण आयमॅक्स फिल्मवर, म्हणजे अजस्र पडद्यासाठीच्या मोठ्या फिल्मवर, चित्रित केलेला आहे, त्यामुळे आमच्यातल्या कट्टर मंडळींनी आत्ताच पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठायचं ठरवलं आहे. 'स्पायडर-मॅन : ब्रँड न्यू डे' ३१ जुलैला. सगळा समर पावसात. आणि 'डूम्सडे' डिसेंबरच्या कडाक्यात, सिंहस्थाच्या कामांसाठी उकरलेल्या रस्त्यांवरून स्वेटर घालून जायचं.

१ मेची सुट्टी कॅलेंडरवर आहे तशीच आहे. ग्रुपवर वाद चालू आहे की त्या दिवशी जायचं तर कशाला. एकाचं म्हणणं, काहीही लागलेलं असो, सकाळचा पहिला शो धरायचा. तिकिटं अजून कोणी काढलेली नाहीत.