झाडलेल्या गोळीचा जाब कोणी विचारायचा?

पोलिसांच्या शस्त्रागारात गोळी न गोळी मोजलेली असते. बंदोबस्ताला निघताना शिपायाला रायफल आणि काडतुसं मोजून मिळतात, परत आल्यावर मोजूनच जमा होतात. सरावात झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्याही वेचून द्याव्या लागतात. पण ती गोळी झाडायची गरज होती का, हे तपासायला खात्याबाहेरचं कोणी असावं, ही गोष्ट आपल्या कायद्यात फार उशिरा आली. आली तीही अर्धीमुर्धी.

कोल्हापूरला हा विषय नवा नाही. डिसेंबर १९४२ मध्ये गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेले सात जण पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. तेव्हा अंमल संस्थानाचा होता, वर ब्रिटिश होते. जाब मागणार कोणाकडे? स्वातंत्र्यानंतर तरी हे बदलायला हवं होतं. पण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईत गोळीबार झाले, माणसं मेली आणि न्यायालयीन चौकशीची मागणी मोरारजी देसाईंच्या सरकारने फेटाळली. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडलं, तेव्हा ही नाकारलेली चौकशी त्यांनी लोकसभेत बोलून दाखवली.

तोवर १९५२ चा चौकशी आयोग कायदा आला होता. आयोग नेमायचा की नाही हे सरकारच ठरवतं आणि अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा जण गेले, मावळात ९ ऑगस्ट २०११ रोजी तीन शेतकरी गेले. दोन्ही वेळा आयोग बसले. आमच्या भागाच्या मनात मात्र नोव्हेंबर २०१२ रुतून बसलाय. उसाच्या पहिल्या उचलीसाठी, म्हणजे दराच्या पहिल्या हप्त्यासाठी, आंदोलन पेटलं होतं आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यात, वसगड्याला, पोलिसांच्या गोळीने एक शेतकरी गेला. दरवर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर रस्ते अडतात, एका बाजूला शेतकरी आणि दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याचाच पोरगा खाकीत उभा असतो. म्हणून हा प्रश्न मला पोलिसविरोधी वाटत नाही. ज्याने नाइलाजाने चाप ओढला, त्याच्यावरचा संशयही बाहेरच्या माणसानेच तपासून दूर केला तर तो कायमचा दूर होतो.

कायद्याला वळण मिळालं ते दोन निकालांनी. निवृत्त पोलिस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या १९९६ च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सात निर्देश दिले. त्यातला एक पोलिस तक्रार प्राधिकरणाचा: एक राज्याला, एक प्रत्येक जिल्ह्याला. दुसरा निकाल २३ सप्टेंबर २०१४ चा, मुंबईतल्या नव्वदच्या दशकातल्या चकमकींवरून आलेला. चकमकीत माणूस मेला की गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायची, शस्त्रं तपासणीसाठी जमा करायची. चकमकीनंतर लगेच शौर्यपदक किंवा बढती द्यायची नाही, हे कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तरी तपासाचं घर एकच राहतं, ठाणं तेवढं बदलतं. इंग्लंडमध्ये असा तपास पोलिस दलाबाहेरची स्वतंत्र संस्था स्वतःचे तपासनीस लावून करते.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलिस कायदा दुरुस्त करून प्राधिकरणं आणली. राज्याच्या प्राधिकरणावर उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, अधिकाराचा गैरवापर अशा तक्रारी तिथे नेता येतात. पण न्यायालयाने जिल्ह्याला सांगितलेलं प्राधिकरण राज्याने विभागाला ठेवलं, आणि कोल्हापूर पुणे विभागात मोडतं.

अनेक दशकं वकिलांनी लढा दिल्यावर १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. पोलिस कारवाईविरुद्ध रिट याचिका करायला आता मुंबई गाठावी लागत नाही. पण रिट म्हणजे वकील आला, फी आली. साध्या अर्जावर चालणारं दार प्राधिकरणाचं. त्यासाठी चंदगडच्या माणसाने शंभरावर किलोमीटर करून कोल्हापूर गाठायचं, बेंचच्या दारावरून पुढे जायचं आणि तिथून पुण्याची सव्वादोनशे किलोमीटरची एसटी धरायची.