कुदळीच्या आकाराचे दोन शुक्राणू: एक कच्चा, एक सज्ज

टॅमार वॉलबी हा ऑस्ट्रेलियातला, कांगारूच्याच कुळातला पण आकाराने लहान प्राणी. त्याच्या वृषणातून नुकताच सुटलेला शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर डोकं आडवं आणि शेपूट त्याच्या मधोमध काटकोनात निघालेली दिसते, कुदळीला दांडा बसवल्यासारखी. आता मादीच्या अंडवाहिनीत फलनाच्या तयारीत असलेला शुक्राणू पाहा. तोही कुदळच! पहिल्याला धड पोहता येत नाही, दुसरा बीजांडात शिरायच्या बेतात आहे. नुसत्या आकारावरून दोघांत फरक करायला गेलं, तर फसगत ठरलेली.

या दोन कुदळींच्या मध्ये दोन वेगवेगळ्या घटना घडतात. एक नराच्या शरीरात, तिला परिपक्वन म्हणतात. दुसरी मादीच्या शरीरात, ती क्षमतार्जन. इंग्रजीतला ‘कपॅसिटेशन’ हा शब्दही रूढ आहे. ‘शुक्राणू तयार झाला’ असं आपण म्हणतो, तेव्हा यातलं नेमकं काय झालं हे बहुतेक वेळा मोघमच राहतं. माणसाच्या किंवा बैलाच्या शुक्राणूत दोन्ही बदल मुख्यतः रासायनिक असतात, बाहेरून फारसं काही दिसत नाही. पोटाला पिशवी असलेल्या शिशुधानी प्राण्यांत मात्र अख्खं डोकंच फिरतं. म्हणून हा फरक समजून घ्यायला मला हेच प्राणी सोयीचे वाटतात.

आधी नराची रचना. या प्राण्यांचा वृषणकोश शिश्नाच्या मागे नसून पुढे लोंबतो. कांगारूचं चित्र काढणारे इथे हमखास चुकतात. अनेक जातींत, उदाहरणार्थ अमेरिकी ऑपॉसममध्ये, शिश्नाचं टोक दुभंगलेलं असतं. वीर्यातला द्रव बनवणाऱ्या शुक्राशय या ग्रंथी नसतात, त्यांची कसर भरून काढावी तशी प्रोस्टेट ग्रंथी अवाढव्य असते. आपल्या विषयाला महत्त्वाचा अवयव मात्र वृषणाला लागून असलेली वेटोळी नळी, म्हणजे अधिवृषण.

वृषण शुक्राणू घडवतं, पण कामाला लावत नाही. हे पटवायला अँटेकायनस या उंदराएवढ्या ऑस्ट्रेलियन प्राण्याचं उदाहरण पुरेसं आहे. मीलनाचा हंगाम यायच्या आधीच त्याच्या वृषणातलं शुक्राणूंचं उत्पादन थांबतं. नर जो काही थोडे दिवस मीलन करतो, ते अधिवृषणात साठवलेल्या शिलकीवर. पुन्हा भर पडणार नसते आणि त्यातले काही लघवीवाटे वायाही जातात. हंगाम संपता संपता सगळे नर मरतात. कारखाना बंद आणि गोदाम चालू, अशी अवस्था सस्तन प्राण्यांत विरळाच.

गोदाम म्हटलं खरं, पण अधिवृषण हे नुसतं साठवणीचं ठिकाण नाही. वॉलबीचा किंवा पॉसम या झुपकेदार शेपटीच्या ऑस्ट्रेलियन शिशुधानीचा शुक्राणू त्या नळीतून पुढे सरकत असताना काटकोनातलं डोकं हळूहळू वळतं आणि शेपटीला समांतर होतं. शेपूट डोक्याच्या टोकाला नसून खालच्या बाजूच्या खाचेत बसवलेली असते, त्यामुळे डोकं बिजागरीसारखं फिरू शकतं. डोक्याच्या वरच्या सपाट बाजूवर अ‍ॅक्रोसोम असतो, म्हणजे बीजांडात शिरायला लागणाऱ्या विकरांनी भरलेली पिशवी. पॉसममध्ये तो सुरुवातीला छत्रीसारखा बाहेर पसरलेला असतो. तो आवळत जाऊन शेवटी बटणाएवढा घट्ट होतो. मानेजवळ उरलेला पेशीद्रवाचा थेंब मागे सरकून गळून पडतो. शेपटीच्या मध्यभागाच्या पटलाखाली तंतूंची जाळी तयार होते आणि पोहण्याला दिशा येते. आता शुक्राणू सडसडीत, बाणासारखा झालेला असतो. हे परिपक्वन. सगळ्या शिशुधानींना हा साचा लागू पडत नाही: कोआला आणि वॉम्बॅटच्या शुक्राणूचं डोकं आकडीसारखं वाकलेलं असतं.

आणखी एक फरक डोळ्यांना दिसत नाही. आपल्या शुक्राणूच्या डोक्यातला डीएनए ज्या प्रोटामिन प्रथिनांभोवती आवळलेला असतो, त्यांच्यात अधिवृषणात गंधकाचे बंध जुळतात आणि डोकं टणक होतं. बहुतेक शिशुधानींच्या प्रोटामिनमध्ये त्यासाठी लागणारं सिस्टीन हे अमिनो आम्लच नसतं. म्हणजे आपल्याकडे परिपक्वन म्हणजे कुलूप लावणं. त्यांच्याकडे मुख्यतः घडी घालणं.

अमेरिकेतल्या ऑपॉसमची घडी तर आणखी वेगळी. (ऑस्ट्रेलियातला पॉसम आणि अमेरिकेतला ऑपॉसम यांचीही नावं सारखी, पण कुळं दूरची. 1770 साली कुकच्या जहाजावरच्या मंडळींना तिकडचा प्राणी अमेरिकी ऑपॉसमसारखा वाटला, तेव्हापासून हा घोळ.) ऑपॉसमचे शुक्राणू अधिवृषणातच दोन-दोनच्या जोड्यांनी चिकटतात, अ‍ॅक्रोसोमच्या बाजू एकमेकींवर दाबून. जोडी सरळ पोहते, दाट द्रवातही. एकटा शुक्राणू गोल गोल फिरत बसतो. मादीच्या अंडवाहिनीत जोडी सुटते. पॉसममध्ये ही जोडीची भानगड नाही.

आता क्षमतार्जन. 1951 साली अमेरिकेत चँग यांनी सशांवर आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांनी उंदरांवर काम करताना स्वतंत्रपणे दाखवून दिलं, की पूर्ण परिपक्व शुक्राणूही लगेच फलन करू शकत नाही. आधी काही काळ मादीच्या मार्गात काढावा लागतो. वॉलबीत आणि पॉसममध्ये या काळात बाणासारख्या शुक्राणूचं डोकं पुन्हा वळतं आणि कुदळ परत अवतरते. याचं स्पष्टीकरण असं देतात, की अ‍ॅक्रोसोम डोक्याच्या टोकावर नसून एका सपाट बाजूवर आहे. डोकं शेपटीला समांतर असेल तर ती बाजू वर राहते, बीजांडाकडे तिचं तोंड नसतं. डोकं आडवं झालं की तीच बाजू पुढे येते आणि बीजांडाच्या आवरणावर सपाट टेकते.

मग दोन कुदळी ओळखायच्या कशा? अ‍ॅक्रोसोम पाहा. कच्च्याचा पसरलेला, सज्जाचा घट्ट. कच्च्याच्या मानेजवळ पेशीद्रवाचा थेंब, सज्जाच्या नाही. कच्चा जागच्या जागी थरथरतो, सज्ज शेपटीच्या जोरावर पुढे सरकतो. शरीराबाहेर, काचपात्रात पाहताना मात्र जपून. पॉसमच्या शुक्राणूंचं डोकं सायक्लिक एएमपी या पेशीतल्या निरोप्या रेणूची पातळी वाढवणाऱ्या रसायनांनीही वळवता येतं, त्यामुळे आकार बदलला म्हणजे फलनाची क्षमता आलीच, असा निष्कर्ष मी तरी काढणार नाही.

मादीच्या शरीरात या सगळ्याला वेळ फार थोडा मिळतो. शिशुधानींचं बीजांड साधारण एका दिवसात अंडवाहिनी ओलांडून गर्भाशयात पोहोचतं आणि त्याच वाटेवर त्याच्याभोवती श्लेष्मल थर चढतो. थर चढण्याआधी आत शिरला तो शिरला. उशिरा आलेले त्या थरातच रुतून बसतात, आणि पुढे वाढणाऱ्या भ्रूणाभोवती ते तसेच अडकलेले दिसतात.