निखळलेला दात: नीट-एमडीएसचे आकडे कुठून येतात?

शिवाजी पार्कवर सीझन बॉल तोंडावर बसतो आणि नऊ वर्षांच्या मुलाचा वरचा पटाशीचा दात मुळासकट मातीत पडतो. नीट-एमडीएसची (दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची) तयारी करताना असा मुलगा प्रश्नांत पुन्हा पुन्हा भेटतो. त्याचे आकडे बरेच जण सुटे सुटे पाठ करतात आणि ऐन परीक्षेत गोंधळतात. खरं तर ते सगळे एकाच पातळ थराभोवती फिरतात.

मुळाला जबड्याच्या हाडाशी बांधणारा हा तंतूंचा थर, पेरिओडॉन्टल लिगामेंट, जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीचा असतो. दात निखळताना तो फाटतो आणि त्याच्या काही पेशी मुळाला चिकटून बाहेर येतात. त्या जगल्या तर दात पुन्हा धरतो. कोरड्या हवेत ३० मिनिटांत त्यातल्या बहुतेक मरतात; ६० मिनिटांनंतर त्या मेल्याच असं धरून उपचार ठरतात. तरीही कायमचा दात शक्यतो परत बसवतातच.

म्हणून दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा. मुळाला बोट लावायचं नाही, खरवडायचं तर नाहीच. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने पटकन विसळून तिथेच खोबणीत बसवायचा आणि रुमाल चावून धरायला सांगायचा. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये दादरहून मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयापर्यंत पोचेतो मोलाची मिनिटं हातची जातात.

बसवणं जमलं नाही तर दात दुधात ठेवावा. हँक्सचं द्रावण (पेशी जिवंत ठेवणारं तयार क्षारद्रावण) हेही उत्तम, पण थंड दुधाची पिशवी नाक्यावर मिळते. दुधातलं क्षारांचं प्रमाण पेशींना मानवतं. साध्या पाण्यात क्षार फार कमी, त्यामुळे पाणी पेशींत शिरतं आणि त्या फुगून फुटतात. मात्र दुसरं काहीच नसेल, तर कोरडा ठेवण्यापेक्षा पाणीही बरं. पर्यायांत हा बारकावा नीट वाचावा.

स्प्लिंट, म्हणजे बसवलेला दात शेजारच्या दातांना बांधून ठेवणारा आधार, लवचीक हवा, तार ०.४ मिलिमीटरपर्यंत, मुदत २ आठवडे. दाताला किंचित हालचाल मिळाली की तंतू नीट जुळतात. घट्ट बांधला तर मूळ हाडाला चिकटण्याचा धोका वाढतो. खोबणीचं हाडही मोडलं असेल तर ४ आठवडे.

वय का दिलेलं असतं? हा दात सातव्या-आठव्या वर्षी उगवतो, त्याच्या मुळाचं टोक दहाव्याच्या सुमारास बंद होतं. टोक उघडं असेल तर रक्तपुरवठा परत येण्याची शक्यता असते. म्हणून लगेच रूट कॅनाल न करता लक्ष ठेवतात. बंद असेल तर २ आठवड्यांच्या आत रूट कॅनाल सुरू करायचं, नाहीतर दाताच्या आतल्या मेलेल्या गरातला संसर्ग मूळ झिजवतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. खाली वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.

पेशी मेल्या असतील तर हाड हळूहळू मुळाची जागा घेतं. वाढत्या वयात शेजारचे दात जबड्याबरोबर सरकतात, हा जागीच अडकतो. म्हणून वर्षातून एकदा, किमान ५ वर्षं तपासणी. शेजारच्या दातांशी उंचीतला फरक १ मिलिमीटरहून जास्त झाला तर डिकोरोनेशनचा विचार होतो: वरचा भाग काढायचा आणि मूळ आतच ठेवायचं, म्हणजे पुढे इम्प्लांटसाठी हाडाची रुंदी टिकते.