अथणी

अथणी : कर्नाटकातल्या बेळगाव (बेळगावी) जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, कृष्णेच्या उत्तरेच्या माळरानावर वसलेले तालुक्याचे शहर. लोकसंख्या सुमारे ४८ हजार (२०११). उत्तरेला सांगली जिल्हा, पूर्वेला विजापूर (विजयपूर) जिल्हा, दक्षिणेला कृष्णा आणि नदीपलीकडे रायबाग, जमखंडी. जिल्ह्याचे ठाणे बेळगाव येथून शंभर कि.मी.हून अधिक दूर आहे. मिरज त्याच्या निम्म्या अंतरावर. कोर्टकचेरीसाठी दक्षिणेकडे आणि दवाखाना, सोने, लग्नाचा बस्ता यांसाठी उत्तरेकडे, अशी या शहराची ये-जा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

अथणी पर्जन्यछायेत येते. वर्षाकाठी साधारण ५०० ते ६०० मि.मी. पाऊस पडतो आणि तोही भरवशाचा नाही. कृष्णा जिथे उगम पावते त्या महाबळेश्वरला ५,००० मि.मी.हून जास्त पाऊस होतो. अथणीकर ज्या पाण्यावर जगतो ते पाणी त्याच्या आभाळातून पडलेले नसते, हे ध्यानात घेतल्याशिवाय या भागाचे काहीच नीट कळत नाही. तालुक्याचे दोन भाग पडतात. नदीलगतची मळीची जमीन काळीभोर, गाळाची, बारमाही हिरवी. तिथून काही मैल वर आले की मुरमाड माळ, बाभळी, निवडुंग, शाळूची रिकामी ताटे आणि मेंढरांचे कळप. एकाच घरातली थोरली लेक नदीकाठी दिलेली आणि धाकटी माळावर दिलेली असेल, तर दोघींच्या संसारात जमीन-अस्मानाचे अंतर पडते. पूर्वी सोयरीक ठरवताना जमीन किती यापेक्षा पाणी किती लांब, हे आधी विचारले जाई, आणि ते योग्यच होते.

तालुक्यातून वाहणारी दुसरी नदी म्हणजे अग्रणी. सांगली जिल्ह्याच्या खानापूर भागात उगम पावून ती दुष्काळी पट्ट्यातूनच खाली येते व कृष्णेला मिळते. वर्षाचे बहुतेक महिने तिचे पात्र म्हणजे वाळू. लोक त्या वाळूत झरे खणून पाणी काढत आले. बेसुमार वाळूउपशाने हे झरेही आटत गेले.

धरणे झाल्यावर कृष्णेचे वागणे बदलले. वर कोयना (१०५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट), वारणा, राधानगरी. मध्ये शिरोळ तालुक्यातला राजापूरचा बंधारा, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीतला शेवटचा अडथळा. खाली अथणी-जमखंडीच्या सीमेवरचा हिप्परगी बंधारा आणि त्याहून खाली अलमट्टीचे धरण. उन्हाळ्यात राजापुरातून पाणी सुटले की नाही, हा इथल्या पारावरचा आणि चहाच्या गाड्यावरचा पहिला प्रश्न असतो. २०१९ सालाने या परावलंबनाचे दोन्ही चेहरे एका वर्षात दाखवले. त्या उन्हाळ्यात कृष्णेचे पात्र उघडे पडले, कोयनेतून पाणी सोडावे म्हणून कर्नाटकातून महाराष्ट्राकडे मागणी झाली आणि टँकरपुढे घागरींच्या रांगा लागल्या. ऑगस्टमध्ये त्याच नदीने काठची गावे बुडवली. जनावरे सोडून माणसांना शाळांच्या निवारा केंद्रांत जावे लागले. तेव्हाही पूर्वेकडच्या माळावर पुरेसा पाऊस नव्हता. पूर आणि टंचाई एकाच तालुक्यात, एकाच महिन्यात. वरच्या अंगाला सांगली-शिरोळचे लोक पुराचा दोष अलमट्टीला देतात, इकडचे लोक टंचाईचा दोष कोयनेच्या वाटपाला देतात. नदी एक असून तिचा हिशेब दोन राजधान्यांत मांडला जातो, ही या भागाची खरी अडचण आहे.

पाणी लांब असूनही इथे मोठे गाव वाढले ते वाटेमुळे. विजापूर आणि गोवा यांच्यामधला व्यापारी रस्ता अथणीवरून जाई. १६३९ च्या सुमारास या मुलखातून गेलेला जर्मन प्रवासी मांडेलस्लो याने मोठ्या बाजाराचे गाव म्हणून तिचा उल्लेख केला आहे. आदिलशाही राजधानीला माल पुरवणारी ही पेठ सधन होती, म्हणूनच ती लुटीच्या वाटेवरही होती.

मराठी वाचकाला अथणी आठवायला हवी ती नोव्हेंबर १६७९ मधल्या घटनेसाठी. संभाजीराजे तेव्हा मोगल सरदार दिलेरखानाच्या छावणीत होते. खानाच्या फौजेने तिकोटा लुटून अथणी गाठली, पेठ लुटली आणि पकडलेल्या रयतेला गुलाम म्हणून विकण्याचा घाट घातला. संभाजीराजांनी त्याला विरोध केला. खानाने तो जुमानला नाही. त्यानंतर राजांनी छावणी सोडली, विजापूर गाठले आणि डिसेंबरात ते पन्हाळ्यावर, म्हणजे स्वराज्यात परतले. दिलेरखानाकडे जाण्याच्या प्रसंगावर पुष्कळ लिहिले जाते. परत येण्यामागे अथणीच्या बायाबापड्यांचे हाल होते, हे मात्र त्या मानाने फार थोड्यांना ठाऊक असते. शहरात या घटनेची ठळक खूण असायला हवी.

पेशवाईनंतर हा भाग ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात बेळगाव जिल्ह्यात आला. १८७६–७८ च्या मोठ्या दुष्काळाने पूर्वेकडचा माळ होरपळला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. २०१८ मध्ये तालुक्याचा पश्चिम भाग तोडून कागवाड तालुका झाला.

अथणीचे नाव देशाबाहेर गेले ते चपलेमुळे. ज्यांना जग कोल्हापुरी म्हणते त्या चपलांचे पुष्कळ जोड अथणी, जवळचे मदभावी आणि निपाणी भागातल्या घरांत तयार होतात आणि कोल्हापूरच्या चप्पल लाइन या बाजारात जाऊन विकले जातात. कातडे आधी चुन्याच्या निवळीत भिजवून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवायचे. जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून, तीत सालीचा रस भरून ती टांगून ठेवीत, म्हणजे रस आतून बाहेर झिरपत राही. बाभूळ हे माळाचेच झाड. जिथे दुसरे काही उगवत नाही तिथली साल आणि कमी पावसाची कोरडी हवा, या दोन्हींचा या धंद्याला फायदा झाला. तळ कापणे आणि शिवणे बहुधा पुरुषांकडे. पट्टे कातरणे, भोके पाडणे, वेणी घालणे बायकांकडे. हत्यारे मोजकी: कापायला रापी, टोचायला आरी, ठोकायला मोगरी आणि खाली दगडी फरशी. अस्सल जोडाला खिळा लागत नाही, सगळे काम चामड्याच्या वादीने होते. तळाच्या दोन थरांमध्ये बी ठेवले की चालताना करकर वाजते आणि माणूस येण्याआधी त्याची चाहूल लागते. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाली, पुकरी असे प्रकार कारागीर नजरेनेच ओळखतो.

हे काम पिढ्यान्‌पिढ्या ढोर, समगार, चांभार समाजाने केले आणि गावाने त्यांना गावकुसाकडेच ठेवले. चपलेची वाखाणणी होत राहिली, हात मात्र हलके समजले गेले. मधला व्यापारी उचल देई आणि ती फेडण्यात वर्ष जाई. विसाव्या शतकाच्या अखेरीस अथणीतल्या कारागीर बायकांचे बचत गट उभे राहिले, त्यांनी ‘टोहोल्ड’ या नावाने परदेशात माल पाठवायला सुरुवात केली, आणि वेणी घालणाऱ्या बाईच्या हातात पहिल्यांदा तिच्या नावाचे पैसे आले. २०१८ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते आठ जिल्ह्यांना मिळून: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमेवरून इतके भांडण असताना दोन्ही राज्यांनी एका वस्तूवर एकत्र हक्क सांगितला, याचे मोल मोठे आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात याच घडणीचे जोड श्रेय न देता मांडले, त्यावर गदारोळ झाला आणि कंपनीला त्यांचे भारतीय मूळ मान्य करावे लागले. इथल्या घरांतली अडचण मात्र त्याहून जुनी आहे. गावातले कमावणीचे कुंड बंद पडत चालले, तयार चामडे बाहेरून महागात आणावे लागते आणि शिकलेली मुले या धंद्यात बसायला तयार नसतात.

शेतीत कोरडेपणाचा दुसरा उपयोग बेदाण्याला झाला. तेलसंग आणि आसपासच्या माळावर द्राक्षबागा आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाला घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. कोरड्या वाऱ्याने पंधरा-वीस दिवसांत बेदाणा तयार होतो. त्याचे सौदे सांगली-तासगावात. नदीकाठी ऊसच ऊस. उगार खुर्दचा साखर कारखाना १९३९ सालचा. उसाने काठच्या घरांवर स्लॅब चढले, पण वर्षानुवर्षे पाटपाणी देऊन जमिनी क्षारपड झाल्या, वर पांढरी मीठफुटी आली. उगार बुद्रुकला जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून पाण्याचा निचरा करण्याचे काम झाले, ते या रोगावरचा उपाय म्हणून. माळावर पाणी नाही म्हणून शेत पडीक आणि काठावर पाणी जास्त म्हणून शेत नापीक, हे एकाच भागात पाहायला मिळते.

जेवणात शाळूची भाकरी, तीही उन्हाळ्यात कडक करून ठेवलेली. शेंगाची चटणी, झुणका, दही. लिंगायत, जैन, मराठा, धनगर, मुसलमान, दलित अशी मिश्र वस्ती. वीरशैव संत मुरुघेंद्र शिवयोगी (१८३६–१९२१) अथणीच्या गच्चीन मठात राहिले आणि आजही शहराची ओळख त्यांच्या नावाने सांगितली जाते. शेडबाळ हे जैन आचार्य विद्यानंदांचे जन्मगाव (१९२५). मंगसुळीचा खंडोबा आणि रायबाग तालुक्यातली चिंचलीची मायाक्का ही दैवते कन्नड आणि मराठी भक्तांची सारखीच आहेत. माघातल्या चिंचलीच्या जत्रेला कोल्हापूर-सांगलीकडून बैलगाड्या येतात, आणि भंडारा उधळताना कोण कुठल्या राज्याचा हे कोणी विचारत नाही.

कोकटनूरच्या यल्लम्मेची जत्राही मोठी. तिच्या नावाने मुली सोडण्याची देवदासी प्रथा या तालुक्यात खोल रुजलेली होती आणि तिची किंमत जवळपास नेहमी दलित मुलींनी मोजली. कर्नाटकाने १९८२ मध्ये तिच्याविरुद्ध कायदा केला. त्याच दशकात अथणीत सुरू झालेल्या विमोचना संस्थेने देवदासींच्या मुलांसाठी मलाबाद येथे निवासी शाळा काढली. प्रथा केवळ कायद्याने मागे हटली नाही. आईचे नाव लावून शाळेत बसलेल्या मुलांनी तिला मागे रेटले.

बाजारात कन्नड आणि मराठी दोन्ही चालतात. दुकानदार गिऱ्हाइकाचा पहिला शब्द ऐकून भाषा धरतो. अण्णा, अक्का, मामा दोन्हीकडे तेच. उत्तरेकडच्या गावांत घरची भाषा मराठी आहे आणि महाराष्ट्राने २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात चालवलेल्या सीमादाव्यात तालुक्यातली काही गावे येतात. शहरात रेल्वे नाही. कुडची, उगार, शेडबाळ ही स्थानके मिरज–बेळगाव मार्गावर. त्यामुळे सारी मदार बसवर. मिरजेला १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी उभारलेल्या दवाखान्यापासून या भागाचे पेशंट तिकडेच जातात. बेंगळुरू-मुंबईत सीमेवरून वातावरण तापले, जसे २०२२ च्या अखेरीस, की दोन्हीकडच्या बस थांबतात. अशा वेळी पेशंटच्या माणसांना कागवाडपर्यंत एक गाडी आणि हद्द ओलांडून म्हैसाळपासून दुसरी गाडी शोधावी लागते.