पार्श्वभूमी : भोंगा गेला, दिवस उरला

गेल्या काही वर्षांत सोलापुरातल्या व्याख्यानांना एक विषय हटकून असतो : रोजच्या जगण्यात आनंद कसा शोधावा. सकाळी तळ्याकाठी फिरणाऱ्यांचे गट, ध्यानाची शिबिरं, निवृत्तांचे हास्यक्लब, कृतज्ञतेची वही लिहायला लावणारे वर्ग, सगळीकडे सूर तोच. धावपळ थांबवा, जे आहे त्याची किंमत ओळखा. परदेशी नावाच्या एखाद्या कल्पनेपासून सुरुवात होते आणि अर्ध्या तासात वक्ता ‘कायक’ या शब्दावर येतो. सोलापुरात ते साहजिकच आहे. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातल्या शरणांपैकी, म्हणजे बसवण्णांच्या परंपरेतल्या शिवभक्तांपैकी, आणि कायक हा शरणांचाच शब्द.

या शब्दाची मात्र मराठीत बरीच ओढाताण झाली आहे. ‘कायकवे कैलास’ याचं भाषांतर कोणी ‘कर्म हीच पूजा’ करतं, कोणी ‘श्रम हाच देव’, कोणी ‘कामातच राम’. ‘कर्म’ म्हटलं की मागचा जन्म, संचित, प्रारब्ध हे सगळं बरोबर येतं, आणि शरणांना तर ते नकोच होतं. ‘श्रम’ म्हटलं की घाम दिसतो, पण ते श्रम कोणाच्या मर्जीने हे दिसत नाही. ‘काम’ म्हटलं की हजेरीपट आठवतो. कायक म्हणजे कायेने केलेला, स्वतः पत्करलेला, प्रामाणिक पोटाचा उद्योग. त्यातून गरजेपुरतं घ्यायचं आणि उरलेलं दासोहासाठी, म्हणजे सगळ्यांसाठी द्यायचं. हे दुसरं अंग वगळलं तर शब्द लंगडा होतो.

हे वचन सर्रास बसवण्णांच्या नावावर खपतं. प्रत्यक्षात हे शब्द येतात सांडलेले तांदूळ वेचून आणणाऱ्या एका शरणाच्या वचनात. त्याची कथा अशी की एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ वेचून आणले. बायकोने विचारलं, ही हाव कुठून आली? जादा तांदूळ जिथून आणले तिथे परत टाकून या. म्हणजे ज्या परंपरेत कामाला कैलासाचा मान दिला गेला, तिथेच कामाला हद्दही घालून दिलेली होती. पुढे ऑफिसांच्या भिंतींवर लागलेल्या पाट्यांमध्ये मान राहिला आणि हद्द गळाली. हे चुकून झालं असं मला वाटत नाही. जादा वेळ थांबायला सांगणाऱ्याला ती बायको भिंतीवर कशाला हवी?

दुसरा गुंता खुद्द सिद्धरामांच्या चरित्रात आहे. त्या काळच्या सोन्नलिगेत, म्हणजे आजच्या सोलापुरात, ते तळं खोदणं, मंदिरं उभारणं यात गढलेले असताना शरणांतले ज्येष्ठ अल्लमप्रभू तिथे आले आणि ‘हा माती उपसणारा वड्डर कुठे आहे’ अशा अर्थाचं हिणवत बोलले, अशी कथा आहे. तळी खोदून नेमकं काय मिळवलंस, हा त्यामागचा प्रश्न. पुढे सिद्धराम बसवण्णांच्या कल्याणला, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणला, गेले. एक पक्ष म्हणतो, त्यांनी बाहेरचं काम सोडून आतली वाट धरली. दुसरा पक्ष म्हणतो, काम तेच राहिलं, फक्त त्याकडे बघायची नजर बदलली. सोलापूरकराचा कल दुसऱ्या पक्षाकडे असतो. कारण उघड आहे, तळं अजून समोर आहे आणि मंदिर त्या पाण्यात उभं आहे. दर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वज निघतात तेव्हा हा वाद कोणाच्या डोक्यातही नसतो.

जिल्ह्यातच, माढा तालुक्यातल्या अरणला, मळ्यातल्या भाजीतच विठ्ठल पाहणारा तेराव्या शतकातला संत सावता माळी होऊन गेला. पंढरपूर इतकं जवळ, पण त्याच्या कथेत तो मळा सोडून जात नाही. आजही विठ्ठलाची पालखी त्याला भेटायला अरणला येते. व्याख्यानात याचाही उल्लेख असतोच, त्यामुळे इथे एवढंच पुरे.

आता मधली शतकं ओलांडून एकदम 1877 वर येतो, कारण ‘रोजचा दिवस’ ज्या अर्थाने आज आपण म्हणतो तो सोलापुरात गिरणीने घडवला. त्या साली सुरू झालेली पहिली मोठी कापड गिरणी म्हणजे पुढची ‘जुनी मिल’. तिच्यामागोमाग इतर आल्या. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी बोलणारी माणसं एकाच भोंग्यावर उठू लागली. भोंगा हे गावाचं घड्याळ होतं. गिरणीत कोणी नसलेल्या घरातही चूल त्याच्या हिशेबाने पेटायची. पाळी, खाडा, बदली हे शब्द घरच्या बोलण्यात आले आणि ‘सुट्टी’सुद्धा त्याच वाटेने आली. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळाली ती 1890 साली, मागणी लावून धरल्यावर. पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. 1911 च्या कायद्यात पुरुषांसाठी दिवसाचे तास 12 होते, 1922 मध्ये 11, 1934 मध्ये 10 आणि 1948 मध्ये 9 झाले. आज ज्या संध्याकाळी बसून जगण्याचा अर्थ शोधायला सांगतात, ती संध्याकाळ अशी एकेक तास करून मिळालेली आहे. तालमी, लेझीम, भजनी मंडळं, हौशी नाटकं, सिनेमाचे खेळ हे सगळं त्या मोकळ्या झालेल्या वेळेत वाढलं.

मग गिरण्या बंद पडू लागल्या. पहिला मोठा हादरा 1949 च्या ऑगस्टमधला. जुनी मिल बंद झाली, 1950 च्या जानेवारीत केंद्राने अध्यादेश काढून तिचा कारभार हाती घेतला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अध्यादेशात बेकारीचा उल्लेख होता, पण कायद्याचे विद्यार्थी ते खटले आजही वाचतात ते भागधारकाच्या मूलभूत हक्कांसाठी. कामगाराच्या दिवसाचं काय झालं, हे त्यातून कळत नाही. ते कळतं शब्दांतून. कामावरून आलेला माणूस ओट्यावर बसला तर तो ‘निवांत’. गिरणी बंद झाल्यावर त्याच ओट्यावर तोच माणूस बसला तर तो ‘रिकामा’. साठच्या दशकात एकदा आणि नव्वदच्या दशकात पुन्हा, सोलापुरात हजारो निवांत माणसं रिकामी झाली. जगण्यात अर्थ उरला नाही ही तक्रार इथे सुखवस्तूंच्या आधी त्यांच्या तोंडी होती, फक्त तिला तेव्हा कोणी व्याख्यानाचा विषय केलं नाही.

ती माणसं शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांकडे वळली. सोलापुरी चादरीला पुढे भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं कौतुकही झालं. पण खाली माग आणि वर बिऱ्हाड अशा घरात काम संपलं कधी आणि घर सुरू झालं कधी, हे सांगणारा भोंगा नव्हता.

बायकांना तर हा भोंगा कधीच नव्हता. मांडीवर सूप, त्यात तेंदूपत्ता आणि तंबाखू, शेजारी कात्री. हजार विड्यांचा हिशेब पुरा करायचा, कारखान्यात नेऊन द्यायच्या, छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की तेवढी मजुरी गेली. घरी बसून विड्या वळणाऱ्यांना कायद्याने कामगार म्हटलं ते 1966 साली. त्यांच्या बाबतीत ‘निवांत’ आणि ‘रिकामी’ हे दोन्ही शब्द कोणी वापरल्याचं मी ऐकलेलं नाही. टीव्ही बघतानाही बोटं चालूच. वर्तमान क्षणात राहायला शिकवणारे ज्याला एकाग्रता म्हणतात, ती या बोटांत आहे का? काहींना तसं म्हणायला आवडतं. पाठ धरलेल्या बाईला विचारून पाहावं.

या शतकात विषयाने वेगळंच वळण घेतलं. मुलं पुण्याला गेली, आईवडील मागे राहिले, आणि ‘साधं जगणं’ ही बाहेरून येऊन अनुभवायची गोष्ट झाली. हुर्डा हे त्याचं चांगलं उदाहरण. थंडीत शेतात आगटी पेटवायची, ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, हातावर चोळून गरम दाणे शेंगाचटणीबरोबर खायचे. हे पाहुण्याला बोलावून, फुकट होत असे. आता माणशी दर असतो, झोका, बैलगाडी आणि फोटोला जागा असते. यात वाईट काही नाही, शेतकऱ्याच्या हातात चार पैसे पडतात. तरी ज्याच्या घरी रोज कडक भाकरी होती त्याला तिची थाळी विकत घेताना गंमत वाटतेच.

दरम्यान तासांचा प्रश्न पुन्हा वर आला आहे. 2025 च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तास कायम ठेवले आहेत, असं समर्थक सांगतात. बारा तास उभा राहिलेला माणूस घरी येऊन करणार काय, असं विरोधक विचारतात. जगण्याच्या आनंदावरच्या व्याख्यानात हा मुद्दा निघालेला मला तरी ऐकू आला नाही.

भोंग्याची जागा आता पाण्याने घेतली आहे. उजनी धरण भरलं तरी शहरात नळाला रोज पाणी नाही, काही दिवसांआड येतं, त्यामुळे घरातला आठवडा पाण्याच्या दिवसावरून मोजला जातो. लग्नाची खरेदी, दवाखाना, पाहुणे, सगळं ‘आमचं पाणी कधी’ हे बघून ठरतं. व्याख्यान रंगात आलेलं असतं, वक्ता क्षणात जगायला सांगत असतो, मागच्या रांगेत कोणाचा तरी फोन वाजतो. “पाणी आलं,” एवढंच कानावर येतं आणि त्या गल्लीतल्या सगळ्या बायका उठून जातात.