मिरजेचा मालधक्का आणि जावाची हमाली

आजोबा मिरजेच्या मालधक्क्यावर कारकून होते. 1971 साली पुण्याकडून ब्रॉडगेज आली, तेव्हापासून काही वर्षे मिरज जंक्शनात तीन रुंदींचे रूळ शेजारीशेजारी होते. पुण्याकडे 1676 मिलिमीटर, बेळगावकडे 1000 आणि सांगोला-पंढरपूरकडच्या छोट्या गाडीचे 762. वाघीण एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाणे शक्यच नव्हते. मग हमालांनी पोती पाठीवर घ्यायची आणि पलीकडच्या वाघिणीत रचायची. आजोबा म्हणायचे, "पोतं प्रवासात फाटत नाही, ते मिरजेत फाटतं."

हे आठवायचे कारण म्हणजे सांगलीतल्या एका मित्राचे दुकान. तो ठेकेदारांची ऑनलाइन टेंडरे भरून देतो. दुकानात चार संगणक आहेत, त्यातला कोपऱ्यातला एक विंडोज सेव्हनचा. त्यावर स्केचपेनने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे: 'याला अपडेट मारू नये'. काही वर्षांपूर्वी एका सरकारी संकेतस्थळावर डिजिटल सही करायची तर ब्राउझरमध्ये 'जावा' लागायचे, तेही जुने. जावा म्हणजे प्रोग्रॅम लिहायची एक भाषा आणि ते प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा. नव्या ब्राउझरने त्याला दारातच अडवले. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी सही उमटेना, तेव्हा ठेकेदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता म्हणे. त्या दिवसापासून ती चिठ्ठी आहे.

गंमत अशी की जावाचा जन्मच मुळी 'एकदा लिहा, कुठेही चालवा' या वचनावर झाला.

संगणकाच्या जगातही रुळांची रुंदी वेगवेगळी असते. इंटेलच्या प्रोसेसरला कळणारे हुकूम सन या कंपनीच्या स्पार्क प्रोसेसरला कळत नाहीत. त्यावर ऑपरेटिंग सिस्टिमचे शिरस्ते निराळे: पडद्यावर खिडकी काढायची, फाइल उघडायची, तर विंडोजला एका रीतीने सांगावे लागते आणि मॅकला दुसऱ्या. म्हणून एकच प्रोग्रॅम तीनदा लिहावा लागे, किंवा दोन गिऱ्हाइकांवर पाणी सोडावे लागे.

सन मायक्रोसिस्टिम्सने 1995 साली जावा बाजारात आणली. तिचा मुख्य कर्ता जेम्स गॉसलिंग. युक्ती साधी होती. प्रोग्रॅमचे भाषांतर कुठल्याच खऱ्या प्रोसेसरच्या भाषेत करायचे नाही, एका कल्पित यंत्राच्या भाषेत करायचे. या भाषेला बाइटकोड म्हणतात. अशी फाइल उघडून तिचे आकडे सोळाच्या मोजणीत (0 ते 9 आणि पुढे A ते F) वाचले, तर पहिल्या चार बाइट्समध्ये चक्क 'कॅफेबेब' अशी अक्षरे दिसतात. ती फाइलची ओळखखूण. बाकी तपशिलांनंतर पुढे हुकूम येतात. उदाहरणार्थ, (आपल्या नेहमीच्या मोजणीत) 96 हा हुकूम आला की अर्थ असा: आकड्यांच्या थप्पीवरचे वरचे दोन पूर्णांक उचल, त्यांची बेरीज कर आणि उत्तर परत थप्पीवर ठेव. खऱ्या प्रोसेसरची थप्पी कशी, आकडे ठेवायचे खण किती, याच्याशी त्या हुकमाला देणेघेणे नाही. ते बघायचे काम प्रत्येक संगणकावर बसवलेल्या जावा व्हर्च्युअल मशीनचे. मिरजेच्या हमालाचेच काम हे: माल तोच, पोते तेच, चढवायचे मात्र समोरच्या वाघिणीत.

हमाली अर्थातच द्यावी लागते. प्रत्येक हुकूम वाचून त्याचा तर्जुमा करत बसायचे म्हणजे वेळ जातो, आणि सुरुवातीची जावा त्यापायी बदनाम होती. 1999 च्या सुमारास आलेल्या हॉटस्पॉट यंत्रणेने त्यावर चांगला तोडगा काढला. प्रोग्रॅमचा कुठला भाग पुन्हापुन्हा चालतो यावर ती नजर ठेवते आणि तेवढाच भाग थेट प्रोसेसरच्या भाषेत करून ठेवते. मुरलेला हमालही रोज येणाऱ्या मालाची जागा आधीच मोकळी करून ठेवतोच की.

तंत्राचा भाग एवढाच. खरी मारामारी हमालांचा मुकादम कोण, यावरून झाली.

प्रोग्रॅम कुठेही चालायला लागले, तर खाली विंडोज आहे की आणखी काही, याची गिऱ्हाइकाला पर्वा राहणार नव्हती. मायक्रोसॉफ्टचा सगळा धंदा त्या पर्वेवर उभा. तरी 1996 साली तिने सनकडून जावाचा परवाना घेतला आणि स्वतःचे व्हर्च्युअल मशीन बनवले. ते विंडोजवर झकास पळायचे. पण त्यात आरएमआय नव्हते. एका संगणकावरच्या प्रोग्रॅमने दुसऱ्या संगणकावरच्या प्रोग्रॅमचे काम आपल्याच घरातले असल्यासारखे करून घ्यायचे, याची जावातली सोय म्हणजे आरएमआय. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने याच कामासाठी स्वतःचे डीकॉम आणले होते, आणि तिसरीकडे अनेक कंपन्यांनी मिळून ठरवलेले कॉर्बा 1991 पासून होतेच. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या जावात भाषेला दोन जादा शब्द जोडलेले होते. ते वापरून लिहिलेला प्रोग्रॅम इतर कुठे चालायचा नाही. म्हणजे हमाल ठेवला, पण तो एकाच रुळाच्या वाघिणी भरणारा.

सनने ऑक्टोबर 1997 मध्ये कोर्ट गाठले. जानेवारी 2001 मध्ये 2 कोटी डॉलरवर तडजोड झाली. पुढे मक्तेदारीचे दावे आणि पेटंटे धरून 2004 साली जवळपास 2 अब्ज डॉलरचा दुसरा समझोता झाला. तोवर मायक्रोसॉफ्टने जावाचा नाद सोडून सी-शार्प ही भाषा आणि डॉटनेट ही यंत्रणा उभी केली होती. जावात घुसवलेल्या त्या दोन शब्दांपैकी 'डेलिगेट' सी-शार्पमध्ये आजही सुखाने नांदतो आहे.

सनला साधुसंत समजायचे मात्र कारण नाही. तिचा पैसा सर्व्हर विकण्यात होता, आणि गिऱ्हाईक विंडोजला बांधलेले नसेल तर ते सनकडे वळण्याची आशा होती. रूळ कुणाचेही चालतील, पण मुकादम आमचा, हा हट्ट तिचाही होताच. 2010 साली ओरॅकलने सन घेतली आणि त्याच वर्षी जावाचे इंटरफेस (कुठले काम कोणत्या नावाने मागवायचे याच्या याद्या) वापरल्याबद्दल गूगलवर दावा ठोकला. निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातून 2021 साली लागला, गूगलच्या बाजूने.

मधल्या काळात अडोबीचे फ्लॅश आणि एअर, मायक्रोसॉफ्टचे सिल्व्हरलाइट असे आणखी हमाल आले आणि गेले. ब्राउझरांनीही जावा, सिल्व्हरलाइटसारख्या पाहुण्यांना दार बंद केले: क्रोमने 2015 मध्ये, फायरफॉक्सने 2017 मध्ये. मित्राची सही अडकली ती याच दारात. कारण रास्त होते, या जोडण्यांतून व्हायरस शिरत होते.

बाजी शेवटी ब्राउझरनेच मारली. जावास्क्रिप्ट सगळीकडे चालतेच (नाव सोडले तर जावाशी तिचे नाते फारसे नाही). मग डेस्कटॉपवरचे प्रोग्रॅमही वेबपानासारखेच का लिहू नयेत? गिटहब या कोड साठवायच्या सेवेच्या घरातून निघालेले इलेक्ट्रॉन हेच करते. प्रोग्रॅमबरोबर क्रोमियम हा ब्राउझरच बांधून देते, मग विंडोज, मॅक, लिनक्स, काहीही असो. आणि 2018 साली गिटहबच विकत घेतली ती मायक्रोसॉफ्टने.

फरक इतकाच, की आता जंक्शनात हमाल नाही; प्रत्येक गाडी आपले रूळ सोबत घेऊन हिंडते. मित्राच्या संगणकावर गप्पांचे एक, कोड लिहायचे एक आणि मीटिंगचे एक अशी तीन ॲप्स उघडली आणि टास्क मॅनेजर पाहिला. प्रत्येकाच्या पोटात स्वतंत्र ब्राउझर, प्रत्येकाच्या नावापुढे काहीशे एमबी. चार जीबीचे मशीन धापा टाकत होते.

गेल्या महिन्यात त्याने त्यात आठ जीबीची पट्टी घातली. कोपऱ्यातल्या मशीनला मात्र हात लावलेला नाही. जुन्या टेंडरांच्या फायली उघडायला ते लागते, आणि चिठ्ठीवरची शाई फिकट झाली म्हणून त्याने परवा तीच अक्षरे पुन्हा गिरवली.